जात्याची पाटी कोणी लिहायची? (संग्रहालयं, वस्तू आणि त्या वस्तूंची माणसं)

गवतफूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून टाकते. थोडं लांबेल.

गेलं दीड वर्ष मी शनिवार-रविवार आमच्याकडच्या एका लहान संग्रहालयात मदतीला जाते. नाव देत नाही, कारण माणसं भली आहेत आणि हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. चार दालनं, एक अभिरक्षक (क्युरेटर), दोन शिपाई. माझं काम नोंदवही लावून घेणं आणि जुन्या पाट्या नव्याने टाइप करणं.

दिवाळीनंतर आत्याला तिथे घेऊन गेले. आत्या ७६ वर्षांची. सगळं आयुष्य माण तालुक्यात गेलं. काचबिंदूने दृष्टी गेली, आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. मी प्रत्येक वस्तूपाशी थांबून पाटी वाचत होते आणि ती मान हलवत होती. तिसऱ्या दालनात जातं आहे. मी वाचलं, "जाते. पाषाण. धान्य दळण्याचे साधन. अंदाजे १०० वर्षे जुने."

"एवढंच?" आत्या म्हणाली आणि तिने हात पुढे केला. शिपाई लगेच आला, "आजी, हात लावू नका." आवाज वाईट नव्हता, नियमच सांगितला त्याने. आत्याने हात पदराखाली घेतला आणि पुढे सगळं दालन संपेपर्यंत बाहेर काढला नाही.

नंतर पायरीवर बसून तासभर ती जात्याबद्दलच बोलली. पहाटे चारला उठायचं, सासूच्या समोर बसून दोघींनी एकच खुंटा धरायचा. वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य, घालायचा हात वेगळा, ओढायचा वेगळा. जात्याच्या आवाजावरून कळायचं की तोंडातलं धान्य संपत आलंय. ओव्या म्हणायच्या, आणि सासूबद्दलची ओवी सासू उठून गेल्यावर म्हणायची. पहिलं बाळंतपण झाल्यावर अकराव्या की बाराव्या दिवशी पुन्हा जात्यावर बसले, असं ती इतकं सरळ सांगून गेली की मला पुढे काही विचारताच आलं नाही.

घरी आल्यावर ती पाटी डोळ्यांसमोरून हलेना. त्यातला एकही शब्द चुकीचा नाही. पण ज्या बाईने पन्नास वर्षं ते ओढलं तिला त्यात स्वतःचं काही सापडलं नाही, आणि हाताने बघायला गेली तर तेही जमलं नाही. पाट्या टाइप करणारी मीच आहे. म्हणून विचारते: पाटी कोणाच्या शब्दांत असावी? आणि जी माणसं डोळ्यांनी बघू शकत नाहीत, पायऱ्या चढू शकत नाहीत, किंवा जी आत यायलाच बिचकतात, त्यांच्यासाठी तुम्ही कुठे काय चांगलं पाहिलंत?

सह्यवाट

धागा फार आवडला. मी जतन-संवर्धनाच्या कामात आहे, म्हणून आधी शिपायाची बाजू मांडतो. हाताला घाम असतो, तेल असतं, मीठ असतं. पितळेवर बोटाचा ठसा उठला तर काही महिन्यांत तो तिथेच गंजून बसतो. कापड, पोथी, रंगवलेलं लाकूड यांना तर हात नकोच. दिवसाला शंभर माणसं येणार असतील तर 'एकदाच हात लावला' असं काही राहत नाही.

पण हे सगळं जात्याला लागू नाही. तो काळा दगड आहे, तो हातांनीच झिजलेला आहे. नियम सगळ्यांना सरसकट लावला की असं होतं. आमच्या क्षेत्रात 'हाताळणी संच' असतो: वस्तूची प्रतिकृती, किंवा बाजारात सहज मिळणारी तशीच दुसरी वस्तू. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचं स्पर्श-दालन सुरू झालं. निवडक वस्तूंच्या २२ प्रतिकृती आणि सोबत ब्रेल पाट्या. तुमच्या गावात एखाद्या पडवीत अजून एक जातं पडलेलं असणार. ते आणा, खाली घट्ट बसवा आणि पाटी लावा, 'हात लावा'.

एक सूचना. ब्रेल पाटी भिंतीवर उंच लावू नका. वाचताना मनगट वाकवून वर धरावं लागलं तर दोन ओळींत हात भरून येतो. कमरेच्या जरा वर, तिरक्या फळीवर लावा. आणि बसवण्याआधी ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. उलट्या लावलेल्या ब्रेल पाट्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

ओलीमाती

गवतफूल, तुमच्या आत्याचं वाचून आजीची आठवण आली.

हेमा रायरकर आणि गी पॉइतवां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून जास्त आहेत. आता त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणारणीचं नाव, गाव आणि बऱ्याचदा फोटोही सोबत. मला त्यातलं नाव आणि गाव फार मोलाचं वाटतं. जातं संग्रहालयात 'पाषाण' होतं, तिथे ते एका बाईचं असतं. जात्याशेजारी एक स्पीकर आणि एक बटण एवढंच करता आलं तरी बघा. आत्याच म्हणतील की!

नोंदवही

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

पाटीचं पहिलं काम माहिती देणं. दगड कुठला, कुठून आला, कधी नोंदला, कोणी दिला. हे नसेल तर पन्नास वर्षांनी त्या जात्याला काही अर्थ राहणार नाही. आठवणी गोड असतात, पण त्या सरकतात. माझ्या घरात एकाच तांब्याच्या तीन कथा आहेत आणि तिन्ही सांगणारे शपथ घ्यायला तयार आहेत.

दुसरा मुद्दा मला जास्त सतावतो. 'समाजाला विचारा' असं आजकाल सगळे म्हणतात. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्रागमध्ये संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यातही समावेशकता आणि समुदायांचा सहभाग आला आहे. पण समाजातल्या कोणाला विचारायचं? बैठक लावली की पुढे येऊन बसणार पंच आणि पुढारी. ज्या बाईने जातं ओढलं ती मागे चहा करत असणार. मग पाटीवर कोणाचे शब्द येतील?

गवतफूल

सह्यवाट, दुसरं जातं नक्की शोधते. ओलीमाती, आत्याला विचारलं. "रेडूवर नको, मी सोत्ता येऊन म्हणीन" असं म्हणाली :)

नोंदवही, राग कसला. नोंदीतलं काहीच काढायचं नाही, हे मला मान्य आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. बैठक न लावता एकेकाच्या घरी जाऊन विचारावं असं वाटतं. वेळ लागेल.

वैनगंगा

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं. आमच्याकडे त्याला कोणी संग्रहालय म्हणत नाही, 'अजब बंगला' म्हणतात. लहानपणी मला हे नाव फार आवडायचं. पुढे गडचिरोलीत नोकरीला असताना तिथल्या एका गोंड सहकाऱ्याने विचारलं, "आमच्या घरातले दागिने, आमची वाद्यं तिथं ठेवली. ती अजब कोणाला?" मला त्यावर बोलता आलं नाही.

भोपाळला इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे, श्यामला टेकडीवर, तलावाच्या वरच्या अंगाला. उघड्यावर निरनिराळ्या जमातींची घरं आहेत. ती त्या-त्या भागातल्या माणसांनी स्वतः येऊन, आपलं सामान आणून, आपल्या रीतीने बांधलेली आहेत. भिंत सारवायची वेळ आली की त्यांनाच बोलावतात. मी तिथे एका झोपडीत शिरलो आणि आपसूक वाकून चपला काढल्या. काचेच्या कपाटासमोर असं कधी झालं नव्हतं.

गुजरातेत तेजगढला गणेश देवी यांनी उभ्या केलेल्या आदिवासी अकादमीतलं 'वाचा' (म्हणजे वाणी) हे संग्रहालयही बघण्यासारखं. नावातच आवाज आहे.

पाथरवाट

मी या मंडळावर नुसता वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो, कारण जातं निघालंय.

आम्ही टकारी. टाकी म्हणजे दगड टोचायची छिन्नी. जात्याला टाकी लावणं हा आमचा धंदा, त्यावरूनच नाव पडलं. दळून दळून तळ्या, म्हणजे जात्याचे वरखालचे दोन दगड, गुळगुळीत होतात. मग धान्य नुसतं सरकतं, पीठ जाडंभरडं पडतं आणि ओढायला जड जातं. तेव्हा वरची तळी काढून उलटी ठेवायची आणि टाकी-हातोडीने तिला बारीक खाचा पाडायच्या, मधून कडेपर्यंत. फार खोल गेली तर पिठात कच येते आणि घरधनीण शिव्या घालते. फार उथळ राहिली तर पंधरा दिवसांत पुन्हा बोलावणं. हात किती जोरात पडतो यावर सगळं.

माझे आजोबा गावोगाव हिंडून हे काम करायचे. त्यासाठी हिंडावं लागतं, एका गावात जात्यांचं काम किती दिवस पुरणार? पण इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो आपल्या मुलखातही लागू झाला आणि त्या यादीत आमचं नाव आलं. मग हिंडणं हाच गुन्हा. हजेरी द्यायची, परवाना घ्यायचा, गावात चोरी झाली की आधी आम्हाला धरायचं. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे सरकारी पहाऱ्यातली वसाहत, होती, तिथे आमच्यातली कितीतरी घरं पिढ्यान् पिढ्या राहिली. कायदा रद्द झाला १९५२ साली. आमच्यात म्हणतात, देश सत्तेचाळीसला सुटला, आपण बावन्नला.

आता जात्याच्या पाटीकडे या. गवतफूलताईंच्या आत्यांना त्यात आपलं काही दिसलं नाही, ते खरंच आहे. पण मी तिथे उभा राहिलो असतो तर मला त्या तळीवरच्या खाचा दिसल्या असत्या. त्या माझ्या माणसांच्या हाताच्या आहेत. त्यांचं नाव पोलीस ठाण्याच्या वहीत सापडेल, संग्रहालयाच्या वहीत नाही. एवढं एकच मागणं आहे. दया नको, 'बिचारे' नको. ज्यांनी काम केलं त्यांचं नाव कामाच्या शेजारी लिहा.

आजोबांची टाकी माझ्याकडे आहे. वीतभर लांब, डोक्याकडून ठोकून ठोकून फुलासारखी पसरलेली. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेचे लोक आले होते, म्हणाले दान करा. मी दिली नाही. कुठे ठेवणार, काय लिहिणार, पुन्हा बघायला मिळेल का, एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

वैनगंगा

पाथरवाट, लिहीत जा. एवढंच म्हणतो.

उंबरठा

मुलगा चाकाच्या खुर्चीवर आहे, अकरा वर्षांचा. त्याला नाणी आणि शस्त्रं यांचं वेड. त्यामुळे आम्ही खूप संग्रहालयांच्या खूप पायऱ्या पाहिल्या आहेत.

उतार आहे असं फोनवर सांगतात, पण तो कसा आहे ते विचारावं लागतं. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, तरच माणूस आपल्या हाताने खुर्ची चढवू शकतो. बहुतेक ठिकाणी पायऱ्यांवर फळी टाकावी तसा उभा चढ असतो, तिथे मागून दोघं ढकलणारे लागतात. एका ठिकाणी अपंगांसाठीचं स्वच्छतागृह होतं, त्याला कुलूप, आत जुने फलक भरलेले. नाण्यांची पेटी त्याच्या कपाळाच्या उंचीवर. त्याने मला विचारलं, "आई, वर काय आहे ते तू सांगतेस का?" मी सांगितलं. पण नाणं कोणी सांगून बघायचं असतं का?

२०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करणं बंधनकारक आहे. तरी मी कायदा कधी काढत नाही, वाद होतो आणि मुलगा ऐकत असतो. उलट एका छोट्या ठिकाणी तिथल्या काकांनी पेटीची किल्ली आणली, नाणं मखमलीच्या तबकात घेऊन खाली उकिडवे बसले आणि त्याच्या डोळ्यांसमोर अर्धा तास धरून बोलत राहिले. त्या इमारतीला उतार नव्हता, आम्ही त्याला उचलून नेलं होतं. त्याला अजून तेच संग्रहालय सगळ्यात आवडतं. मला दोन्ही हवं आहे, ते काकाही आणि उतारही.

टेबलमाऊंटन

केपटाऊनमधून लिहितेय, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आहोत. पाथरवाट यांचं वाचून इथलं डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय डोळ्यांपुढे आलं.

डिस्ट्रिक्ट सिक्स ही शहरालगतची गजबजलेली वस्ती होती, सगळ्या वर्णांची आणि धर्मांची माणसं एकत्र राहायची. ११ फेब्रुवारी १९६६ ला वर्णभेदी सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसांना शहराबाहेर हलवलं आणि घरं बुलडोझरने पाडली. १९९४ साली तिथल्याच एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये हे संग्रहालय सुरू झालं.

आत गेल्यावर पायाखाली जमिनीवर सबंध वस्तीचा मोठा नकाशा आहे. उठवलेली माणसं आली आणि आपलं घर जिथे होतं तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने नावं लिहिली. वर पाडलेल्या गल्ल्यांच्या नावाच्या खऱ्या पाट्या टांगल्या आहेत. शिवाय लांबच लांब कापड आहे, त्यावर लोकांनी पेनने नावं आणि निरोप लिहिले आणि नंतर ते धाग्याने भरतकाम करून पक्के केले.

नोंदवही यांनी विचारलंय ना, समाजातल्या कोणाला विचारायचं? इथे बैठक नाही, पेन ठेवलंय. ज्याला लिहायचं तो लिहितो. मी गेले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ नातीला गुडघ्यावर बसून गल्ली दाखवत होते, आणि आम्ही सगळे त्यांच्या नकाशावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत होतो.

ओलीमाती

टेबलमाऊंटन, असंच भोपाळमध्येही आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेतल्या वाचलेल्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी २०१४ साली 'रिमेंबर भोपाळ' संग्रहालय उभं केलं. सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा घेतला नाही. घरच्यांनी दिलेल्या वस्तू आहेत, लहान मुलाचे कपडे वगैरे. शेजारी टेलिफोनचा रिसीव्हर आहे. तो कानाला लावला की ज्या आईने ती वस्तू दिली तीच बोलते. त्या दालनात कोणी मोठ्याने बोलत नाही, प्रत्येकाच्या कानाशी कोणीतरी बोलत असतं.

नोंदवही

पेन ठेवण्याची गोष्ट पटली. पाथरवाट यांचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. तळीवरच्या खाचा ही तर नोंदीत हवीच अशी गोष्ट आहे, आणि मी स्वतः नोंदी केलेल्या चार जात्यांपैकी एकाच्याही नोंदीत ती लिहिलेली नाही. मला त्या दिसल्या होत्या. त्या झिजेच्या खुणा समजून मी पुढे गेलो.

पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या, मुलाच्या, राजाच्या आठवणीत. वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. राजेरजवाड्यांच्या तलवारींच्या जमान्यात त्यांनी पाय घासायची वज्री जपण्याजोगी मानली, हे मोठंच काम. पुढचं पाऊल बहुधा आपलं आहे: ती वज्री कोणी ओतली, कोणी वापरली, हे विचारायचं.

गवतफूल

तीन आठवड्यांनी येतेय.

अभिरक्षकांना हा सगळा धागा छापून दिला. त्यांनी दोन दिवस काही म्हटलं नाही, मग स्वतःच विचारलं, "त्या टाकीवाल्यांशी बोलता येईल का?" पाथरवाट दादा गेल्या रविवारी येऊन गेले. टाकी आणली होती. अभिरक्षकांनी लिहून दिलं की टाकी दादांचीच राहील, महिन्यातल्या एका रविवारी ते ती घेऊन येतील आणि करून दाखवतील, जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाचं मानधन संग्रहालय देईल. रक्कम फार नाही, पण ती ठरवूनच कागद झाला.

दुसरं जातं आत्याच्याच चुलतजावेकडे मिळालं. व्हरांड्यात बसवलंय, तिथे पायऱ्या नाहीत. आत्या आली. तिने आधी तळहाताने वरची तळी सगळी फिरून पाहिली, मग खुंट्याच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाली, "ही उजव्या हाताची व्हती." भोक एका अंगाने झिजलेलं होतं, आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शिपाई समोर बसला आणि दोघांनी मिळून मूठभर ज्वारी दळली.

पाटीचा मसुदा देते. सुधारा.

"जातं. काळा दगड. माण तालुक्यातल्या एका घरात तीन पिढ्या वापरात होतं. पहाटे घरातल्या बायका समोरासमोर बसून यावर ज्वारी-बाजरी दळत आणि दळताना ओव्या म्हणत. खुंट्याचं भोक एका बाजूने झिजलं आहे, ते रोजच्या ओढण्याने. तळ्या गुळगुळीत झाल्या की टकारी समाजातले कारागीर टाकीने त्यांना पुन्हा खाचा पाडत. त्या खाचा बोटांना लागतात. हात लावा, फिरवून बघा."

खाली लहान अक्षरात नोंदक्रमांक आणि देणाऱ्याचं नाव. ब्रेल प्रत सह्यवाट यांच्या ओळखीतून होतेय, वाचून घेतल्यावरच लावू.

उंबरठा

व्हरांडा वाचून बरं वाटलं. पाटी किती उंचीवर आहे?

गवतफूल

बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. मी खुर्चीवर बसून मोजली. तरी मुलाला घेऊन या, त्याच्या मापाने बघू.

पाथरवाट

ताई, एक दुरुस्ती. नोंदवही साहेबांनी मागे बायकांचं लिहिलं होतं, म्हणून परवा आईला विचारलं. ती म्हणाली, जातं घरात आतल्या बाजूला असायचं, तिथे परका पुरुष कसा जाणार? आत जाऊन टाकी लावायची ती आजीच. आजोबा अंगणात पाटे-वरवंटे बघायचे. इतकी वर्षं मी टाकीला आजोबांची म्हणत आलो.

तर 'टकारी समाजातले कारागीर' काढा. 'टकारी बायका आणि पुरुष' असं करा. बायका आधी.

गवतफूल

करते. सोमवारी संग्रहालय बंद असतं, मंगळवारी छापायला देते.